दम, गोंगाट आणि रिकामे मैदान

कबड्डीच्या चढाईपटूला पाय, हात आणि नजर लागते, तसा आवाजही लागतो. मध्यरेषा ओलांडण्याआधी ‘कबड्डी, कबड्डी’ सुरू झाले पाहिजे आणि परत येईपर्यंत ते तुटता कामा नये. उच्चार स्पष्ट हवा, सलग हवा आणि पंचाला ऐकू जाईल इतका मोठा हवा. यालाच दम म्हणतात. दम उशिरा सुरू झाला तर चढाईपटूला मागे पाठवतात आणि समोरच्या संघाला एक गुण व चढाईची संधी मिळते. प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात दम गेला तर चढाईपटू बाद. म्हणजे आवाज हा या खेळात वातावरणाचा भाग नाही, तो नियमाचा भाग आहे. त्यामुळे प्रेक्षकांचा गोंगाट वाढला किंवा सगळेच शांत झाले, तर चढाईपटूचे काम त्यासोबत बदलते.

छत्रपती संभाजीनगरहून जळगाव रस्त्याने निघाले की हर्सूल लागते. शहराला पाणी पुरवणारा तलाव, मध्यवर्ती कारागृह आणि हरसिद्धी मातेचे मंदिर ही गावाची ओळख. गाव केव्हाच महापालिकेच्या हद्दीत आले, पण संध्याकाळच्या मैदानाचा बाज अजून गावाचाच आहे. फक्कीने आखलेल्या रेषा पायाखाली अर्ध्या पुसलेल्या असतात. सरावाला दहा-बारा पोरे, बघणारे तीन-चार, त्यातलेही दोघे मोबाइलमध्ये. अशा वेळी चढाई कानाने ऐकता येते. पहिल्या दहा सेकंदांत दम सपाट आणि एका लयीत चालतो. चढाईपटू निदान रेषेपर्यंत जाऊन आला की शब्दांमधले अंतर कमी होते. पाय टाकायच्या क्षणी ‘कबड्डी’तला ‘ड्डी’ जड होतो, कारण पोटाचे स्नायू आवळलेले असतात. वीस सेकंदांनंतर आवाज वर चढतो आणि पातळ होतो. उजव्या कोपऱ्यातला अनुभवी खेळाडू पायाकडे बघत असतो, पण कान त्या आवाजाकडे लावून असतो. दम पातळ झाला की चढाईपटू आता परत फिरणार, हे त्याला वळण्याआधीच कळते, आणि तो घोट्यावर झेप टाकतो. शांत मैदान असे बचावाच्या बाजूने झुकते. प्रेक्षक नसले की चढाईपटूला मोकळे वाटते हा समज निम्माच खरा आहे.

हेच मैदान स्पर्धेच्या रात्री ओळखू येत नाही. दिव्यांच्या झोतात धूळ दिसते, रेषेला खेटून लोक बसतात, मागचे उभे राहतात, त्यांच्या मागचे ट्रॉलीवर चढतात. खरा आवाज मात्र या गर्दीचा नसतोच. तो असतो भोंग्याचा. समालोचक माइक सोडत नाही, प्रत्येक गुणावर देणगीदाराचे नाव घेतो, मध्येच हरवलेल्या मुलाची सूचना देतो आणि दोन चढायांच्या मधल्या जागेत हलगी घुसते. उघड्या मैदानावर माणसांचा आरडाओरडा वर विरून जातो, पण भोंग्याचे तोंड सरळ अंगणाकडे असते. बंदिस्त सभागृहात उलटे होते: छत आणि भिंती आवाज परत फेकतात, आणि कमी माणसे जास्त गोंगाट करतात.

या गोंगाटाचा पहिला फटका श्वासाला बसतो. आजूबाजूला आवाज वाढला की माणूस आपोआप मोठ्याने बोलू लागतो. एतिएन लोम्बार या फ्रेंच वैद्याने 1911 मध्ये हे नोंदवले आणि तेव्हापासून ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. लग्नाच्या मांडवात शेजारच्याशी बोलून घसा बसतो तो याच कारणाने. चढाईपटू याला अपवाद नाही. साध्या बोलण्याचा आवाज हातभर अंतरावर साधारण 60 डेसिबल असतो, ओरडण्याचा त्याच्या बराच वर. आवाज मोठा काढायचा तर फुफ्फुसातली हवा जास्त दाबाने सोडावी लागते. चढाई 30 सेकंदांची, आणि त्या 30 सेकंदांत हवा बोलण्यालाही पुरवायची आणि धावण्यालाही. सरावात 25 सेकंदांपर्यंत आरामात जाणारा पोरगा स्पर्धेत अठराव्या सेकंदाला परत फिरतो. त्याचे मित्र म्हणतात, घाबरला. बहुतेकदा तो फक्त मोठ्याने ओरडत असतो.

दुसरा फटका कानाला. मोठ्या स्पर्धेत घड्याळ डोळ्यांसमोर असते. गावच्या मैदानावर वेळ सांगतात ते बाहेर बसलेले साथीदार: ‘दहा! पाच! फिर, फिर!’ ही हाक पोहोचली नाही तर चढाईपटू एक तर लवकर पळतो, नाहीतर वेळ संपल्याच्या शिट्टीवर अडकतो. ‘करो या मरो’च्या चढाईत, म्हणजे सलग दोन रिकाम्या चढायांनंतरच्या तिसरीत, गुण आणलाच पाहिजे. तिथे ही दोन सेकंदे फार महाग पडतात.

बचावाने मात्र यावर फार पूर्वी उपाय काढला आहे. साखळीत उभे असलेले दोघे एकमेकांचा हात धरून असतात आणि संदेश त्या हातातूनच जातो. एकदा दाबले तर थांब, जोरात ओढले तर जा. खुणा संघागणिक बदलतात, पण तत्त्व तेच. ज्या संघाची साखळी बोलण्यावर चालते तो गर्दीत फुटतो आणि ज्याची हातावर चालते तो टिकतो. चढाईपटू या बाबतीत दुबळा आहे. तो एकटा असतो आणि त्याच्या हातात कुणाचाच हात नसतो.

अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक याचा लांबचा भाऊ शोभतो. चाल कोणती, ती कधी सुरू करायची, हे तो ओरडून सांगतो, आणि त्याच्या साथीदारांनी त्याच आवाजावर हलायचे असते. एक जण आधी हलला तर पाच यार्डांचा दंड. म्हणूनच तिथले प्रेक्षक स्वतःचा संघ चाल रचत असताना गप्प बसतात आणि पाहुण्यांची पाळी आली की आकाश फाडतात. कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड मैदानावर 29 सप्टेंबर 2014 रोजी हा आवाज 142.2 डेसिबल मोजला गेला. पाहुणा क्वार्टरबॅक मग मुकी मोजणी वापरतो: पाय उचलून किंवा मान हलवून खूण करायची, तोंड उघडायचेच नाही. तीही साखळीसारखीच सोय, पण तिची किंमत आहे. आवाजाने चाल सुरू करणारा क्वार्टरबॅक लय मुद्दाम मोडून बचावाला फसवू शकतो. मुक्या मोजणीत ती फसवणूक जवळजवळ संपते.

गर्दी काढून घेतली तर काय होते, हे एरवी तपासता आले नसते. महामारीने ते करून दाखवले. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा 2020 चा हंगाम काही ठिकाणी थोड्या प्रेक्षकांसमोर आणि बऱ्याच ठिकाणी अगदी रिकाम्या मैदानावर झाला. यजमान संघांनी त्या हंगामात 127 सामने जिंकले, 128 हरले, एक बरोबरीत सुटला. घरचे मैदान म्हणून मिळणारा फायदा शून्यावर आला. मैदानात ध्वनिमुद्रित गोंगाट वाजवायला परवानगी होती, पण 70 डेसिबलपर्यंतच. तेवढ्यात पाहुण्याचा आवाज बुडत नाही. जर्मनीत 16 मे 2020 रोजी बुंडेसलीगा ही फुटबॉलची लीग पुन्हा सुरू झाली, तेव्हा पहिल्या फेरीतल्या नऊ सामन्यांपैकी एकच यजमानांनी जिंकला.

यात खेळाडूंचा वाटा किती आणि पंचांचा किती, हा जुना प्रश्न आहे. ॲलन नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये 40 पात्रताधारक फुटबॉल पंचांना एकाच सामन्याचे चित्रण दाखवले होते, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना मूक. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे साडेपंधरा टक्के कमी फाउल दिले. कबड्डीत ही गोष्ट आणखी टोकदार होते. कबड्डीच्या पंचाला दम ऐकून निर्णय द्यायचा असतो. गोंगाटात तो ओठ बघतो. चढाईपटूची पाठ त्याच्याकडे असेल तर ओठही दिसत नाहीत, आणि मग दम गेला की नाही याचा फायदा कुणाला द्यायचा, हे रेषेला खेटून बसलेला गाव ठरवतो. हर्सूलसारख्या ठिकाणी पाहुण्या संघाचा कर्णधार सामन्याआधी माइकचा आवाज कमी करायला सांगतो. ही तक्रार चिडखोर वाटते, पण ती नियमाला धरून आहे.

महाराष्ट्रात 2020 च्या नवरात्रात मंदिरे बंद होती, ती 16 नोव्हेंबरला पाडव्याच्या दिवशी उघडली. जत्रा नाहीत, म्हणजे जत्रेतली कबड्डी नाही आणि कुस्तीही नाही. हरसिद्धीच्या परिसरातले ते नवरात्र शांततेत गेले. व्यावसायिक खेळ मात्र बंद दाराआड चालू झाला. प्रो कबड्डीचा आठवा हंगाम 22 डिसेंबर 2021 ते 25 फेब्रुवारी 2022 असा बंगळुरूच्या व्हाइटफील्डमधल्या एका हॉटेलात झाला. बारा संघ, 137 सामने, एकच छत आणि प्रेक्षक नाहीत. घरचे मैदान कुणाचेच नव्हते. अंतिम सामन्यात दबंग दिल्लीने पाटणा पायरेट्सला 37–36 असे हरवले. एका गुणाचा तो निकाल रिकाम्या खुर्च्यांसमोर लागला.

पुणेरी पलटणकडून अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे दोन तरुण याच हंगामात पहिल्यांदा लीगमध्ये उतरले. अस्लम तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला, म्हणजे गावच्या मैदानाचा गोंगाट त्याला नवा नव्हता. नवी होती ती शांतता. बाकावरून आलेली हाक थेट चटईपर्यंत पोहोचेल, अशा सभागृहात दोघांचा पहिला हंगाम गेला. नवख्याला हे सोयीचे पडले असे म्हणण्याचा मोह होतो आणि तो आवरलेला बरा, कारण तीच शांतता बचावालाही मिळत होती. पुढे 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत दहाव्या हंगामाच्या अंतिम फेरीत पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28–25 असे हरवले तेव्हा कर्णधार अस्लमच होता, आणि सभागृह भरलेले होते.

क्रिकेटमध्येही नवख्यांचेच उदाहरण समोर येते. पुण्याजवळ गहुंजे येथे मार्च 2021 मध्ये भारत आणि इंग्लंड यांचे तीन एकदिवसीय सामने प्रेक्षकांविना झाले. हौशी मंडळी शेजारच्या डोंगरावर चढून बघत होती, पण त्यांचा आवाज खाली पोहोचणे शक्य नव्हते. पहिल्याच सामन्यात कृणाल पांड्याने पदार्पणात 26 चेंडूंत अर्धशतक केले आणि प्रसिद्ध कृष्णाने पदार्पणातच 54 धावांत चार बळी घेतले. तिसरा सामना भारताने सात धावांनी जिंकला, सॅम करन 95 धावांवर नाबाद राहिला. म्हणजे शेवटच्या षटकातला ताण प्रेक्षकांविनाही पुरेपूर होता. गर्दी ताण तयार करते असे सरसकट मानणाऱ्यांनी तो सामना पाहावा.

फरक पडतो तो बोलण्यात आणि ऐकण्यात. धाव घेताना ‘हो’, ‘नको’, ‘थांब’ ही हाक रिकाम्या मैदानावर बावीस यार्ड सहज पार करते. 33 हजारांच्या वानखेडेवर चेंडू सीमारेषेकडे निघाला की ती बुडते, आणि फलंदाज एकमेकांच्या हातांकडे बघून धावतात. बॅटची पुसट कड लागलेली पंचाच्या कानाला गहुंजेत कळू शकते. भरल्या मैदानावर ती यंत्रालाच विचारावी लागते.

खो-खोमध्ये हा प्रश्न एका अक्षरावर येतो. पाठलाग करणाऱ्याने बसलेल्या साथीदाराला मागून स्पर्श करायचा आणि त्याच वेळी मोठ्याने ‘खो’ म्हणायचे. बसलेल्याला पाठीवरचा हात कळतो, म्हणून खेळाडूचे काम गोंगाटातही अडत नाही. अडते पंचाचे. खो उच्चारला की नुसता हात लागला, हे त्याने ऐकूनच ठरवायचे असते.

यावरचा उपाय तालमीत आहे. अमेरिकेतले संघ पाहुणे म्हणून जाण्याआधी सरावाच्या मैदानावर मोठे भोंगे लावून गोंगाट वाजवतात. कबड्डीत तेवढा खर्च लागत नाही. चढाईपटूला दोन गोष्टी शिकवल्या तरी पुरते. पहिली, आजूबाजूला कितीही कल्ला असो, दमाची पट्टी सरावातलीच ठेवायची. चटईवर उभ्या पंचाला ऐकू गेले की झाले, मागच्या ट्रॉलीपर्यंत पोहोचवायची गरज नाही. दुसरी, अंगणात शिरताना आणि वळताना तोंड पंचाच्या बाजूला ठेवायचे, म्हणजे आवाज बुडाला तरी ओठ दिसतात. हर्सूलच्या मैदानावर पहिली गोष्ट शिकवायला जळगाव रस्ता कामाला येतो: मालट्रक हॉर्न वाजवत जात असताना दम न चढवता चढाई पूर्ण करायची, आणि चढवला तर पुन्हा पहिल्यापासून.