शंभर मिलिमीटर पावसावरची शेती

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात टँकर सुरू झाले की कारण ठरलेलं असतं, पाऊसच कमी. पर्जन्यछायेतल्या तालुक्याबाबत ते खोटंही नाही. पण आष्टीच्या पावसाचा जेमतेम पाचवा हिस्सा, म्हणजे वर्षाला १०० मिलिमीटरच्या आसपास, पडणाऱ्या इस्रायलमधल्या नेगेव वाळवंटात प्राचीन नबातियन लोकांनी गावं वसवली आणि त्यांच्यामागून आलेल्या बायझंटाइन काळात तिथे द्राक्षमळे बहरले. त्याच नबातियनांच्या पेट्रा नगरीच्या कोरीव दर्शनी भिंती साऱ्या जगाला ठाऊक आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ मायकेल एव्हेनारी यांचं नाव मात्र फारसं कोणी घेत नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी नेगेवमधल्या अवदात इथलं एक प्राचीन शेत दगडी बांधांसह पुन्हा उभं केलं आणि निव्वळ वाहून आलेल्या पावसावर बदाम, जर्दाळू पिकवले. एक एकर शेतामागे सुमारे वीस एकर उतार राखलेला असे, आणि त्यावरचं पाणी चरांतून नेमक्या त्याच शेतात येई. एव्हेनारींच्या मोजणीत आणखी एक गोष्ट दिसली. पाणलोट जितका लहान, तितका पावसाचा मोठा वाटा हाती लागतो, कारण लांबवर वाहणारं पाणी वाटेतच मुरतं.

हे तंत्र आपल्याकडे आणण्यावर रास्त आक्षेप मातीचा आहे. नेगेवची लोएस माती भिजताच वर पापुद्रा धरते, म्हणून पाणी वाहतं; आपली कोरडी, भेगाळलेली काळी माती सुरुवातीला ते पिऊन टाकते. म्हणूनच विसाचा आकडा उचलून चालणार नाही, पण प्रत्येक साठ्यामागे त्याचा उतार मोजण्याची शिस्त उचलता येते. बालाघाटाच्या मुरमाड उतारांना ती नक्की लागू पडते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला डायोडोरस लिहितो की नबातियनांच्या भूमिगत टाक्यांचं तोंड अरुंद आणि पोट ऐसपैस असे, आणि भरल्यावर ते तोंड बुजवून टाकत. आपल्याकडे अनेक शेततळी नेमकी उलट चालतात. बोअरचं पाणी उपसून प्लास्टिकच्या अस्तरावर उघड्यावर साठवलं जातं आणि उन्हाळाभर त्याची वाफ होते. शेजाऱ्याने ओढण्याआधी आपण साठवलं तर फळबाग वाचते, असं शेतकरी म्हणतो, आणि त्याच्यापुरतं ते खरं आहे. पण खालचा खडक साऱ्या गावाचा एकच असतो. एकाची बाग वाचते तेव्हा दुसऱ्याची विहीर लवकर आटते. तेव्हा शेततळ्याला मंजुरी देताना खड्ड्याच्या मापाआधी, ते भरणारा उतार किती आहे हे लिहून घ्यावं. उतार नसेल, तर तळं खोदू नये.