लाल रेघ कुणाच्या इंग्रजीची?

थीसिसच्या मसुद्यात अंगणवाडी, गावठाण, कोथरूड हे शब्द रोमन लिपीत टाइप करून बघा. खाली लाल रेघ आली, तर ती 'चूक' म्हणत नाहीये. हा शब्द माझ्या यादीत नाही, एवढंच ती सांगते.

लिबरऑफिस, फायरफॉक्समधलं हनस्पेल घ्या (मूळचं हंगेरियन भाषेसाठीचं, म्हणून हे नाव). त्याच्याकडे दोन फायली असतात: एकीत मूळ शब्द, दुसरीत त्यांना प्रत्यय कसे लागतात याचे नियम. यातून शब्द तयार होत नसेल तर रेघ. मग जवळचे शब्द सुचवायचे. १९६४ साली फ्रेडरिक डॅमराउ यांनी तपासलेल्या नमुन्यात ८० टक्क्यांहून जास्त चुका एकाच घोटाळ्याच्या निघाल्या: एक अक्षर जास्त, एक कमी, एक बदललेलं, किंवा शेजारची दोन उलटसुलट. 'जवळ' म्हणजे काय, ते साधारण असंच मोजतात. या हिशेबाने रोमनमधलं 'पुणे' हे जून, ट्यून आणि प्रूनपासून फक्त एका अक्षरावर आहे!

आता 'इंग्लिश (इंडिया)'. लिबरऑफिसमध्ये ही निवड आहे, पण मागे चालते ती ब्रिटिश यादीच. म्हणजे कलरमधला 'यू' सांभाळला जातो. आपले शब्द मात्र ब्रिटिश यादी करणाऱ्यांनी घेतले असतील तरच पास.

खरी अडचण रेघेची नाही. ती घालवायला लोक शब्दच बदलतात, हे मला खटकतं. अंगणवाडीचं 'क्रेश' केलं, की १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतला पोषण आहार, लसीकरण, गरोदर बायकांची नोंद सगळं गायब. उरतं नुसतं पाळणाघर. बाहेरच्या परीक्षकाने मग काय समजायचं?

याच्या उलटही होतं. वर्डमध्ये भाषा ही त्या त्या मजकुराला चिकटलेली असते. अमेरिकन सहलेखकाचा परिच्छेद पेस्ट केला, की त्याची भाषाही सोबत येऊ शकते. दुसऱ्या प्रकरणात 'यू'सकट कलर, चौथ्यात 'यू'शिवाय, आणि रेघ कुठेच नाही! सबमिट करण्याआधी कंट्रोल-ए दाबून 'रिव्ह्यू'मधून सगळ्या मजकुराची भाषा एकच करा.

आणि आपले शब्द 'ॲड टू डिक्शनरी' करा. वर्ड ते साध्या टेक्स्ट फाइलमध्ये साठवतं. ती फाइल लॅबमधल्या सगळ्यांना देता येते. फक्त आधी एकदा स्पेलिंग ठरवा. चुकीचं आत गेलं, तर पुढे कुणालाच रेघ दिसणार नाही.