फ्रूगल म्हणजे काय? काटकसरी की कंजूष? हिवरे बाजारच्या पाण्यावरून समजून घ्या

इन्स्टाग्राम, यूट्यूबवर 'फ्रूगल लिव्हिंग'चे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. कोणी महिनाभर बाहेरचं खाणं बंद करून दाखवतं, कोणी जुन्या जीन्सच्या पिशव्या शिवतं. आणि खाली कमेंटमध्ये एक जण हमखास विचारतो, "म्हणजे कंजूषच ना?"

नाही. 'फ्रूगल' म्हणजे काटकसरी. पैसा, अन्न, पाणी, वेळ जे काही हाताशी आहे ते जपून आणि गरजेपुरतं वापरणारा. उच्चार 'फ्रूगल', 'फ्रू' दीर्घ. हे विशेषण आहे. त्याचं नाम 'फ्रुगॅलिटी', म्हणजे काटकसर. पुस्तकी मराठीत 'मितव्ययी' असा शब्द आहे, पण घरात कोणी तो बोलत नाही. आपली आजी 'काटकसरीने राहा' असंच म्हणते आणि अर्थ तोच.

शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. तिथल्या 'फ्रुक्स' या शब्दाचा अर्थ पीक, फळ, उत्पन्न. इंग्रजीतला 'फ्रूट'ही याच कुळातला. म्हणजे मुळात हा शब्द पैसे दडवण्याचा नाही, हाती आलेल्या उत्पन्नाचं चीज करण्याचा आहे. पिकाचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचं एक गाव बघू. फ्रूगल आणि कंजूष यांतला फरक तिथे जितका स्पष्ट दिसतो तितका शब्दकोशात दिसत नाही.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार. पर्जन्यछायेतलं गाव, वर्षाचा पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास. १९७२च्या दुष्काळानंतर इथली परिस्थिती खालावत गेली आणि माणसं मजुरीसाठी बाहेर पडू लागली. १९८९मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, डोंगरउतारावर चर खोदणं, बंधारे अशी कामं झाली आणि विहिरींना पाणी आलं.

खरी गोष्ट इथून पुढची आहे. पाणी आल्यावर बहुतेक गावं काय करतात? ऊस लावतात. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात जिथल्या प्रवरानगरला झाली, त्या जिल्ह्यात तर तो मोह मोठाच. हिवरे बाजारने मात्र ऊस आणि केळी या पिकांना बंदी केली. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही असंही ठरवलं.

त्याशिवाय गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं. गावात पाऊस मोजला जातो, निरीक्षण विहिरींची पातळी पाहिली जाते. पावसाळा सरला की हिशेब ग्रामसभेपुढे येतो. पहिला वाटा माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचा, मग घरगुती वापराचा. उरलेल्या पाण्यावर रब्बीत कोणतं पीक किती घ्यायचं ते ठरतं. पाऊस कमी झाला तर क्षेत्र कमी होतं. घरात पगार झाल्यावर आधी किराणा, शाळेची फी आणि हप्ता बाजूला काढून मग बाकीचा खर्च ठरवावा, तसंच हे.

आता कंजूष गाव कसं वागलं असतं? पाणी साठवून कुलूप लावलं असतं आणि रानं पडीक ठेवली असती. हिवरे बाजारचे शेतकरी पाणी वापरतात. कांदा, भाजीपाला घेतात, दुधाचा धंदा करतात. फक्त आधी मोजतात. उधळ्या, कंजूष आणि फ्रूगल यांत फरक एवढाच. उधळ्या मोजतच नाही, कंजूष मोजतो पण खर्चच करत नाही, फ्रूगल माणूस मोजून खर्च करतो.

आणखी एक गल्लत होते, ती गरिबीशी. विहिरी आटल्या होत्या तेव्हाही हेच गाव हंडाभर पाण्यात दिवस काढत होतं. त्याला कोणी फ्रूगल म्हणणार नाही. ती टंचाई होती. वापरायला असताना हात आखडता घेणं म्हणजे फ्रूगल. म्हणून पगार पुरत नसलेल्या माणसाला 'फ्रूगल राहायला शिक' असा सल्ला देणारे रील ऐकायला विचित्र वाटतात. तो बिचारा दुसरं करतोय काय!

वापराचं म्हणाल तर 'शी इज फ्रूगल विथ मनी' म्हणजे ती पैसे जपून वापरते. 'अ फ्रूगल मील' म्हणजे साधं, मोजकं जेवण, पिठलं-भाकरीसारखं. 'फ्रूगल इनोव्हेशन' म्हणजे कमी खर्चात काम साधणारी नवी युक्ती. २०१३मध्ये झेपावलेलं मंगळयान सुमारे ४५० कोटी रुपयांत झालं तेव्हा हा शब्द बातम्यांत बराच आला. सरकार खर्चाला कात्री लावतं तेव्हा मात्र 'ऑस्टेरिटी' म्हणतात, फ्रूगल नाही. आणि 'मिनिमलिस्ट' म्हणजे मुळात वस्तूच कमी ठेवणारा. तो एकच शर्ट ठेवेल, पण दहा हजारांचा! तो फ्रूगल असेलच असं नाही.

'फ्रूगल' हे इंग्रजीत सहसा कौतुक असतं, 'चीप' किंवा 'स्टिंजी' म्हटलं तर समोरचा दुखावतो. मित्राने पार्टीचं बिल बघून घाम पुसला तर स्टिंजी. पण घरून निघतानाच 'माझं बजेट तीनशे' असं त्याने सांगितलं असेल, तर त्याला फ्रूगल म्हणा.