वाढवण बंदर : खोल पाणी कोणाचं?



आपण बोथचे तलाववाले. रोहू-कटला पकडणाऱ्यांना समुद्राचं काय, असं कोणी म्हणेल. पण पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवणला जे बंदर होतंय, त्यात प्रश्न आपल्यासारख्याच मच्छीमारांचा आहे.

आधी सरकारची बाजू बघू. जहाज जेवढं मोठं, तेवढं एका कंटेनरमागचं भाडं कमी. आज सर्वात मोठ्या जहाजांवर वीस फुटी २४,००० कंटेनर मावतात. त्यांना पाणी खोल लागतं. ते कमी पडलं की माल लहान जहाजानं कोलंबो, सिंगापूरला न्यायचा आणि तिथं मोठ्यावर चढवायचा. भाडंही जातं, दिवसही जातात. वाढवणला जवळपास २० मीटर नैसर्गिक खोली आहे. म्हणून जून २०२४ मध्ये केंद्रानं ७६,२२० कोटींच्या या बंदराला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पालघरला पायाभरणी झाली. बंदराची गरज नाही, असं आम्ही म्हणणार नाही.

आता दुसरी बाजू. बंदरासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव होणार, म्हणजे साडेतीन हजार एकरांच्या वर. एवढा तलाव बुजवला तर काय होईल, ते आपल्याला सांगायला नको! शिवाय लाटा अडवायला दहा किलोमीटरचा बांध. जहाजांच्या वाटेत जाळं टाकता येत नाही. लहान होडीवाल्यानं लांब जायचं म्हटलं तर डिझेल परवडलं पाहिजे. डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणानं १९९८ मध्ये इथं बंदर नाकारलं होतं. त्याच प्राधिकरणानं जुलै २०२३ मध्ये परवानगी दिली. गावांचा विरोध मात्र तेव्हाही होता, आजही आहे.

भरपाईचं बोलणं निघतं तेव्हा होडीच्या मालकाकडं नोंदणीचा कागद असतो. होडीवरचा खलाशी, बोंबील वाळवणारी, टोपली घेऊन बाजारात बसणारी बाई, यांच्याकडं काय कागद? बोथच्या बाजारात मासे विकणाऱ्या किती बायांचं नाव कोणत्या यादीत आहे, बघा.

आणि मासळी कमी झाली हे दाखवायचं तर आधी किती निघत होती, तो हिशोब लागतो. भराव पडल्यावर तो कुठून आणणार? म्हणून आमचं मत असं, की तिकडच्या ज्या संस्थांकडं डिझेलच्या, बर्फाच्या, विक्रीच्या जुन्या वह्या असतील, त्यांनी त्यांच्या झेरॉक्स आत्ताच काढून दोन ठिकाणी ठेवाव्यात. बायांची विक्रीही त्याच वहीत, त्यांच्या नावानं लिहायला घ्यावी.