शेरेबुकाविना देखरेख

शाळातपासणीस गावी यायचे, दप्तर चाळायचे आणि शेरेबुकात शेरा लिहून परतायचे, ही वहिवाट आपल्याकडे इतकी मुरली आहे की, वरिष्ठाने काम पाहणे म्हणजे चुकांची नोंद होणे, अशीच सर्वांची समजूत आहे. त्यामुळे जळगाव वा धुळे येथे समुपदेशनाचा व्यवसाय नव्याने आरंभणाऱ्यास ‘सुपरव्हिजन घ्या’ असे सुचविले, तर आधी संकोच आणि पाठोपाठ वह्या नीटनेटक्या करण्याची धांदल उडावी, हे स्वाभाविकच होय.

या पर्यवेक्षणाचे कुळ मात्र निराळे आहे. १९२० साली बर्लिनमध्ये मनोविश्लेषणाचे चिकित्सालय उघडले आणि शिकाऊ विश्लेषकाने आपल्या रुग्णांविषयी अनुभवी विश्लेषकाशी नियमाने बोलण्याची पद्धत तेथे रूढ झाली. पुढे १९५० च्या दशकात मायकेल बालिंट यांनी लंडनमध्ये सामान्य डॉक्टरांचे गट बसवून त्यांना आपापल्या रुग्णांविषयी चर्चा करावयास लावले. ब्रिटनमधील समुपदेशकांची प्रमुख संघटना तर आपल्या मान्यताप्राप्त सभासदांकडून महिन्याकाठी किमान दीड तास पर्यवेक्षणाची अपेक्षा करते. आपल्याकडे २०२१ च्या केंद्रीय कायद्याने समुपदेशकांना आरोग्यव्यवसायांच्या कक्षेत आणले. तथापि खाजगी व्यवसायात पर्यवेक्षण घेणे अद्याप बहुतांशी ज्याच्या त्याच्या इच्छेवर आहे, म्हणूनच त्याचा उपयोग करून घेण्याची विद्या मुद्दाम शिकावी लागते.

एक कल्पित प्रसंग घेऊ. चोपड्याची बारावीतली एक मुलगी घरात कोणाशी बोलत नाही म्हणून समुपदेशिकेकडे येते. तिचे वडील समुपदेशिकेच्या दिरांचे स्नेही. ते बाजारात गाठून म्हणतात, “ताई, पोरगी काय सांगते तेवढं सांगा की.” समुपदेशिका पर्यवेक्षिकेपुढे मुलीचा साद्यंत इतिहास मांडते. त्या शांतपणे विचारतात, “वडिलांना तुम्ही काय उत्तर दिलंत? जसंच्या तसं सांगा.” “म्हटलं, काळजी करू नका, मी समजावते तिला.” हे वाक्य स्वतःच्याच तोंडून पुन्हा ऐकताना तिला उमगते की, आपण नकळत वडिलांचे वकीलपत्र घेतले होते, आणि पुढच्याच भेटीत मुलगी गप्प का झाली, याचा उलगडा बहुधा तेथेच आहे. आता करावयाचे ते एवढेच की, बाजारातली भेट मुलीला उघड सांगावी आणि घरी काय कळवायचे, हे तिच्या संमतीने ठरवावे.

यावरून शिकण्याजोगे बरेच आहे. सारी फाइल नेण्यापेक्षा जी भेट सांगावीशी वाटत नाही, तीच न्यावी. सारांशाऐवजी झालेले शब्द न्यावेत. आपल्याला आलेला राग, वाटलेली कणव किंवा आलेला कंटाळा हाही पुराव्यात धरावा. आडनाव आणि गाव यांवरून माणूस ओळखू येणाऱ्या आपल्या मुलखात नुसते नाव झाकून भागत नाही. गाव, धंदा, नातीगोतीही झाकावी लागतात, आणि आपण पर्यवेक्षण घेतो, ही गोष्ट येणाऱ्याला आधीच सांगावी लागते. याच कारणास्तव जिल्ह्याबाहेरचा पर्यवेक्षक सोयीचा. फोनवरूनही हे काम होते, मात्र एकत्र कुटुंबाची रीत आणि कापसाच्या हंगामाची ओढाताण त्याला ठाऊक असावी. कोणी जीव देण्याची भाषा केली, तर महिन्याच्या ठरल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी पर्यवेक्षकाशी बोलावे, मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे आणि ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या साहाय्यवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक त्या कुटुंबाच्या हाती द्यावा.

फीचा प्रश्न खरा आहे. एकट्यादुकट्याला ती जड जाते. परंतु जळगाव आणि धुळे यांच्यामधील महामार्गावर पारोळा आहे, आणि दोन्हीकडच्या चार-पाच समुपदेशकांनी तेथे महिन्यातून एकदा जमून, एखाद्या अनुभवी व्यक्तीचे मानधन वाटून घेऊन बालिंट यांच्या धर्तीवर गट चालविला, तर त्याला ना सरकारी हुकूम लागेल, ना फार मोठी रक्कम.