घरातले मूल वैमानिक व्हायचे म्हणते? पुस्तके पारखून घ्या

बारावीचा निकाल लागतो, पेढे वाटून होतात, आणि एके दिवशी जेवताना मुलगा किंवा मुलगी हळूच म्हणते, "मला विमान चालवायला शिकायचे आहे." मग घरात दोन दिवस कोणाला काय बोलावे ते सुचत नाही. खर्चाचा आकडा ऐकून तर आजोबा पानावरून उठतातच. पण आता ही गोष्ट फक्त मुंबई-पुण्याच्या मुलांची राहिलेली नाही. बारामती, गोंदिया, शिरपूर या भागांतल्या लोकांनी शिकाऊ विमाने आपल्या रानांवरून घिरट्या घालताना पाहिली आहेत. तेव्हा आपल्या घरातून कोणी त्या वाटेने जाणार असेल, तर त्याला शहाणपणाने मदत करावी हे बरे.

आज उड्डाणाच्या शुल्काविषयी मी लिहीत नाही. ते लाखांचे काम आहे आणि त्यावर सगळेच बोलतात. बोलत नाहीत ते लेखी परीक्षेच्या पुस्तकांविषयी.

मागच्या उन्हाळ्यात लग्नाच्या निमित्ताने एका सोयऱ्यांकडे गेलो होतो. ओसरीवर पुठ्ठ्याचे एक मोठे खोके होते. मला वाटले, आहेराची भांडी असतील. उघडून पाहिले तर सगळी जाडजूड इंग्रजी पुस्तके! त्यांची धाकटी वैमानिकाच्या परीक्षेला बसणार होती. शहरातल्या एका विक्रेत्याने "एवढे सगळे लागतेच" असे सांगून कपाशीच्या पैशांतून हा ढीग त्यांच्या गळ्यात घातला होता. मुलगी हुशार, पण रडकुंडीला आलेली. म्हणाली, "काका, कुठून सुरू करू तेच कळत नाही." आम्ही दोघांनी बसून ते खोके उपसले. निम्मी पुस्तके तिला त्या वेळी लागणारच नव्हती.

ती का लागणार नव्हती, ते आधी सांगतो. आपल्याकडे ही परीक्षा नागरी विमान वाहतूक महासंचालनालय घेते. सगळे त्याला डीजीसीए म्हणतात. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, मुख्य विषय पाच: एअर नेव्हिगेशन म्हणजे दिशा आणि मार्ग काढणे, हवामान, उड्डाणाचे नियम, विमानाची सामान्य तांत्रिक माहिती, आणि ज्या जातीच्या विमानावर शिकायचे त्याची खास माहिती. शिवाय रेडिओवर बोलण्याच्या परवान्याची परीक्षा निराळी. लेखी प्रश्नांना पर्याय दिलेले असतात, उत्तीर्ण व्हायला शेकडा ७० गुण लागतात, आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. मोठ्या प्रवासी विमानाचा कप्तान होण्यासाठी एटीपीएल नावाचा वरचा परवाना लागतो. पण तो १५०० तास उड्डाण झाल्यानंतरचा. विमान कंपनीत सहवैमानिक म्हणून बसायला आधी सीपीएलच लागतो.

विक्रेत्याने दिलेला संच मात्र युरोपातल्या एटीपीएल परीक्षेसाठी तयार केलेला होता. ऑक्सफर्डचा संच म्हणून तो ओळखला जातो. पुस्तके उत्तम आहेत, आपल्याकडची मुले वर्षानुवर्षे ती वाचत आली आहेत. पण युरोपातल्या परीक्षेचे विषय दहाच्या वर, म्हणून पुस्तकेही तेवढी. आपल्या मुलाला त्यातली हवामान, सामान्य नेव्हिगेशन, रेडिओ नेव्हिगेशन, उपकरणे, उड्डाणाची तत्त्वे आणि इंजिन व विमानाची रचना एवढी आधी पुरतात. त्यातला कायद्याचा खंड तर आपल्या नियमांच्या परीक्षेसाठी मुळीच घेऊ नये. तो त्यांचा कायदा, आपला निराळा.

नियमांच्या पुस्तकाविषयी जरा थांबून सांगावेसे वाटते, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. बियाण्याची पिशवी घेताना आपण चिठ्ठीवरची तारीख पाहतो. पुस्तक घेताना मात्र कोणी पाहत नाही. उलट जुने स्वस्त मिळाले म्हणून खूश होतो. आपल्याकडे आर. के. बाली यांचे एअर रेग्युलेशन्सचे पुस्तक बहुतेक विद्यार्थी वापरतात. ते जरूर घ्यावे, पण आवृत्ती पाहून. १९३४ चा विमान कायदा जाऊन त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. रेडिओच्या परवान्याची परीक्षा पूर्वी दूरसंचार खात्याची बिनतारी शाखा घेई. नव्या कायद्याने ते काम डीजीसीएकडे आले. म्हणजे एखाद्या सीनियरने प्रेमाने दिलेले पाच वर्षांपूर्वीचे पुस्तक मूल मन लावून पाठ करील आणि परीक्षेत चुकीचे उत्तर लिहून येईल. दोष कोणाला देणार? मूळ नियम डीजीसीएच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. शंका आली की पुस्तकापेक्षा ते खरे धरावेत.

याउलट भौतिकशास्त्राला तारीख नसते. पंखावर हवा उचल कशी देते, दाब उंचीबरोबर कसा कमी होतो, हे जुन्या पुस्तकातही तेच आणि नव्यातही तेच. उड्डाणाची तत्त्वे, इंजिन, हवामान यांची जुनी प्रत पाने शाबूत असतील तर बिनदिक्कत घ्यावी. तिथे वाचलेले पैसे नियमांच्या नव्या आवृत्तीत घालावेत.

आता हवामान. हा विषय आपल्या मुलांचा, असे मी छातीठोकपणे म्हणतो. ज्या पोराने चैत्रात दुपारी तीन वाजता आग्नेयेकडून काळे ढग चढताना पाहून खळ्यावर ताडपत्री टाकली आहे, त्याला क्युम्युलोनिंबस म्हणजे काय ते चित्र काढून सांगावे लागत नाही. पहाटे गव्हावर दव पडते, नदीकाठी धुके धरते, त्यातच दवबिंदूचा अख्खा धडा आहे. पण परदेशी पुस्तकात ढग, दाब, वारा हे असले तरी आपला मोसमी पाऊस हवा तितका नसतो. उत्तरेकडे थंडीत येणारे पश्चिमी विक्षोभ, बंगालमधली कालबैसाखी, राजस्थानातली धुळीची आंधी, दिल्लीकडचे धुके यांवर आपल्या परीक्षेत प्रश्न असतात. त्यासाठी आय. सी. जोशी यांचे एव्हिएशन मिटिऑरॉलॉजी हे भारतीय पुस्तक जवळ हवे. आधी ऑक्सफर्डमधून कारण समजून घ्यावे आणि मग जोशींच्या पुस्तकातून आपल्या मुलखाचे हवामान वाचावे, असा क्रम मी त्या मुलीला लावून दिला.

अमेरिकी सरकारची वैमानिकांसाठीची जाड हस्तपुस्तिका फुकट उतरवून घेता येते. चित्रे सुरेख आणि भाषा सोपी, त्यामुळे मराठी माध्यमातून गेलेल्या मुलाने सुरुवात त्यातूनच करावी. फक्त एक सांभाळायचे. अमेरिकेत हवेचा दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात, प्रमाण दाब २९.९२, आपल्याकडे हेक्टोपास्कलमध्ये, प्रमाण दाब १०१३.२५. दृश्यता तिथे मैलांत, इथे मीटरमध्ये. उंचीमापक प्रमाण दाबावर लावण्याची उंची तिथे सरसकट १८,००० फूट, आपल्याकडे विमानतळानुसार वेगळी. समजून घ्यायला अमेरिकेचे वाचावे, आकडे मात्र इथलेच पाठ करावेत.

यानंतर प्रश्नसंग्रह. दुकानात सगळ्यात आधी हेच हातात देतात आणि मुलांनाही हेच आवडते. मागच्या परीक्षांतले म्हणून हजारो प्रश्न, शेवटी उत्तरांच्या खुणा. मोबाईलवरही अशा फायली फिरतात. कोणी केल्या, उत्तरे कोणी तपासली, काही पत्ता नसतो. घोकून मुले पासही होतात, हे मला माहीत आहे. पण हे शिक्षण मार्कांपुरते नाही. उंचीमापकावर दाब १० हेक्टोपास्कलने चुकीचा लावला, तर दाखवलेली उंची आणि खरी उंची यांत सुमारे पावणेतीनशे फुटांचा फरक पडतो. धुक्यात डोंगराजवळ तेवढे अंतर जीव घ्यायला पुरे. तिथे 'उत्तर क' आठवून उपयोग नाही.

म्हणून प्रश्नसंग्रह घ्यावा, पण शेवटी, आणि एकच. विकत घेताना एक कसोटी लावा. मधलेच पान उघडा आणि उत्तराखाली ते का बरोबर आहे हे लिहिले आहे का ते पाहा. नुसत्या खुणाच असतील तर पुस्तक परत ठेवा. घरी अभ्यास करताना पर्याय हाताने झाकून आधी उत्तर काढायचे, मग आकडा बदलून पुन्हा काढायचे. उदाहरणार्थ नेव्हिगेशनमध्ये साठास एक असा नियम आहे: ६० मैल गेल्यावर विमान १ मैल बाजूला सरकले असेल, तर दिशा १ अंशाने चुकली. आता मुलाला विचारा, ३० मैलांवर २ मैल सरकले तर? ४ अंश म्हणाला तर त्याला कळले आहे. तुम्हाला विमानातले काही कळत नसले तरी हे विचारता येईल. ते त्रैराशिकच आहे. विमानाचा वेग ताशी १२० नॉटिकल मैल, समोरून वारा २० चा, जायचे २५० मैल, तासाला इंधन ३० लिटर, तर एकूण किती लागेल? अडीच तास, ७५ लिटर. वर राखीव इंधन निराळे. आमच्या त्या सोयऱ्यांनी, चौथी शिकलेल्या माणसाने, हे तोंडी करून दाखवले आणि मुलगी बघतच राहिली.

नेव्हिगेशनच्या पुस्तकाबरोबर फ्लाइट कॉम्प्युटर घ्यावा लागतो. नाव कॉम्प्युटर असले तरी त्याला वीज लागत नाही. ती एक गोल सरकपट्टी असते. ती चांगलीच घ्यावी आणि पहिल्या दिवसापासून हातात धरावी. विशिष्ट विमानाच्या माहितीचे पुस्तक मात्र आत्ता घेऊच नका. उड्डाणाची शाळा ठरू द्या. ती सेसना १७२ वर शिकवते की दुसऱ्या कशावर, ते कळल्यावर त्या विमानाची पुस्तिका तिथूनच मिळवावी.

आणि हो, एक पैसाही घालण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. रंग ओळखण्यात दोष निघाला किंवा कानाचे काही निघाले, तर पुस्तकांचे खोके तसेच राहते. डीजीसीएने मान्यता दिलेल्या डॉक्टरांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे. आधी दुसऱ्या वर्गाची तपासणी होते, मग पहिल्या वर्गाची.

पुस्तके सगळी इंग्रजीत आहेत, त्याला इलाज नाही. रेडिओवरही इंग्रजीच बोलायचे असते. पण मराठी शाळेत शिकलेल्या मुलाने त्याचे दडपण घेऊ नये. त्या मुलीला मी दोनशे पानी वही करायला सांगितली. डाव्या पानावर इंग्रजी शब्द आणि उजव्या पानावर आपल्या भाषेत दोन ओळी, सोबत जमेल तसे चित्र. बारावीचे भौतिकशास्त्राचे पुस्तक रद्दीत घालू नये, असेही बजावले.

खोक्यातली सात पुस्तके तिने बाजूला काढली. जोशी आणि बाली नव्याने आणले. उरलेली विक्रेत्याने परत घेतली नाहीत, दोन-तीन खेपा घालूनही नाही. ती आता माळ्यावर आहेत, उंदीर लागू नयेत म्हणून पत्र्याच्या पेटीत. एटीपीएलच्या वेळी काढू, असे तिची आई म्हणते.