वाटीभर पोट

जानेवारी २०१९मध्ये वसईतल्या एका महिलेची बातमी देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकली. वय ४२. कधीकाळी ३०० किलो असलेलं वजन चार वर्षांत ८६वर आलेलं. त्याआधीची आठ वर्षं ती अंथरुणाला खिळलेली होती. सर्जन डॉ. शशांक शाह यांनी तिच्यावर २०१५मध्ये एक आणि २०१७मध्ये दुसरी, अशा दोन शस्त्रक्रिया केल्या. वसईहून मुंबईला न्यायचं तर नेहमीची रुग्णवाहिका तिला पुरेना, म्हणून खास रुग्णवाहिकेची सोय करावी लागली. ‘आशियातली सर्वांत वजनदार महिला’ असा किताब पेपरांनी तिला न मागता देऊन टाकला.

अशा बातम्यांना फोटो दोनच लागतात, आधीचा आणि नंतरचा. मधली वर्षं छापायची कशी, हा प्रश्न कुणाला पडत नाही. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेत सर्जनचं काम बहुतेकदा एक ते तीन तासांत उरकतं. रुग्णाचं काम मात्र घरी आल्यावर सुरू होतं आणि त्याला निवृत्तीचं वय नाही.

आधी या शस्त्रक्रियेत नेमकं होतं काय ते पाहू. वसई-विरारमध्ये अजूनही पुष्कळ लोक ‘चरबी काढून घेतली’ असं म्हणतात. चरबीला इथे कुणी हातही लावत नाही. ‘स्लीव्ह’ नावाच्या प्रकारात पोटाचा, म्हणजे जठराचा, डावीकडचा फुगीर भाग कापून काढतात. साधारण ७५ ते ८० टक्के जठर जातं आणि मागे उरते एक अरुंद नळी. तिचा आकार समजावताना जगभरचे सर्जन एकच उपमा देतात ती केळ्याची. वसईकराला ती वेगळी समजावायला नको. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी पिशवी करून लहान आतडं थेट तिला जोडतात. उरलेलं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नाच्या वाटेतून वगळला जातो. जागा कमी झाल्यामुळे माणूस कमी खातो हे उघडच आहे. पण आतड्यातून सुटणारी, भूक आणि साखर सांभाळणारी संप्रेरकंही बदलतात. स्लीव्हमध्ये तर भूक चेतवणारं घ्रेलिन जिथे सर्वाधिक तयार होतं तो भागच निघून जातो. म्हणून कित्येकांचा मधुमेह वजन फारसं उतरण्याआधीच, पहिल्या काही दिवसांत, ताब्यात येऊ लागतो.

फार मोठ्या वजनाच्या रुग्णाला एकदम लांबलचक शस्त्रक्रिया झेपत नाही. मग आधी स्लीव्ह करतात, वजन थोडं उतरू देतात आणि नंतर दुसरा टप्पा घेतात. स्लीव्हचा जन्मच असा ‘पहिला टप्पा’ म्हणून झाला. त्यातच अनेकांचं काम भागतंय असं दिसल्यावर ती स्वतंत्र शस्त्रक्रिया बनली.

कुणी करून घ्यावी, हा प्रश्न पुण्याशी येऊन भिडतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, तंतोतंत सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. भारतीय माणूस वरून सडपातळ दिसला तरी आतून चरबी बाळगून असतो, हे त्या एका फोटोने जगाला दाखवलं. म्हणून आपल्याकडचे सर्जन पाश्चात्त्यांपेक्षा खालचा आकडा धरत आले: बीएमआय ३७.५, किंवा मधुमेह-रक्तदाबासारखा आजार जोडीला असेल तर ३२.५. विमा नियामकाच्या अटींत मात्र ४० आणि ३५ हेच आकडे आहेत. पाच फूट तीन इंच उंचीची मधुमेही बाई ८३ किलोंवर सर्जनच्या यादीत बसते आणि विमा कंपनीच्या यादीत बसायला तिला आणखी सहा-सात किलो वाढावं लागतं. यावर हसावं की रडावं, ते ज्याच्या खिशातून पैसे जाणार आहेत त्याने ठरवायचं.

आता घरी येऊ.

पहिले काही दिवस नुसतं पातळ: नारळपाणी, डाळीचं वरचं पाणी, गाळलेलं सूप. मग दूध, ताक, प्रथिनांची पावडर. मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. साध्या जेवणाशी यायला महिना-दीड महिना जातो. तेव्हा ताटात जे पडतं ते पाहून घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी येतं. आमटीच्या छोट्या वाटीएवढं अन्न, तेही वीस-पंचवीस मिनिटं चावून चावून. एक घास जास्त झाला की छातीत दगड अडकल्यासारखं होतं, तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि उलटी झाल्याशिवाय सुटका नसते. मऊ भाताचा गोळा, पावाचा लगदा, कोरडं चिकन हे अडकणाऱ्यांतले नेहमीचे. उपासाची साबुदाण्याची खिचडी तर चिकटून बसते आणि प्रथिनांच्या नावाने तिच्यात शेंगदाण्याच्या कुटापलीकडे फारसं काही नसतं.

दिवसाला ६० ग्रॅम तरी प्रथिनं पोटात जायला हवीत, असं डायटिशियन बजावते. वाटीभर पोटात ती बसवणं हा रोजचा हिशेब होतो. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, शंभर ग्रॅम मासळीत वीसच्या आसपास. इथे किनारपट्टीच्या माणसाचं नशीब थोरच म्हणायचं. उकडलेली किंवा हलक्या रश्शातली मासळी मऊ असते, पचते आणि प्रथिनंही पुरवते. फक्त बोंबलाच्या भरवशावर राहू नये. ओल्या बोंबलात पाणीच फार. सुके सोडे, जवळा त्याहून भरीचे, पण त्यांतल्या मिठावर नजर हवी.

उलट, वसईचा अभिमान असलेली सुकेळी सांभाळून. राजेळी केळी उन्हात वाळवली की त्यांतली साखर एकवटते. बायपास झालेल्याने कौतुकाने दोन-तीन खाल्ली, तर साखरेचा लोंढा थेट आतड्यात उतरतो. पंधरा-वीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ, चक्कर. डॉक्टर याला ‘डम्पिंग’ म्हणतात. काहींना दीड-दोन तासांनी दुसरा झटका येतो, कारण तोवर उसळलेल्या इन्सुलिनने रक्तातली साखर फार खाली ढकललेली असते. मोदक, नाताळचा केक, शीरखुर्मा. धर्म कोणताही असो, पंगत एकच.

आणि पंगतीत आग्रह! ‘जेवलात का?’ हीच जिथे विचारपूस, तिथे चार घासांत हात धुणारा माणूस यजमानाला अपमान केल्यासारखा वाटतो. वसईतल्या ख्रिस्ती लग्नात इंद्यालचं पातेलं समोर असताना, हळदीला मटणाचा रस्सा वाढला जात असताना, ‘बस’ हा शब्द तीन-चारदा म्हणावा लागतो. शस्त्रक्रियेचं सगळ्यांना सांगितलेलं असतंच असं नाही. सांगितलं तर ‘शॉर्टकट मारला’ हा शेरा. न सांगितलं तर ‘गाल बसले, काही मोठा आजार तर नाही ना?’ ही कुजबुज. लग्नाच्या वयाच्या मुलींच्या घरी तर हे गुपित दागिन्यांसारखं कुलपात ठेवतात. त्यात धोका असा की, ज्या घरात मुलगी लग्न होऊन जाते तिथल्या कुणालाच तिच्या पोटाची रचना ठाऊक नसते.

हे ठाऊक असणं गरजेचं का, त्याची उदाहरणं साधी आहेत. कंबर दुखली म्हणून मेडिकलवाल्याकडून आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी बायपासच्या जोडावर व्रण पाडू शकते. गर्भारपणात आपल्याकडे सरसकट ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून साखर तपासतात. बायपासवालीला त्याने डम्पिंग होऊ शकतं. अशा वेळी आठवडाभर घरी ग्लुकोमीटरवर साखर पाहणं हा मार्ग असतो, पण तो सुचायला डॉक्टरला आधी कळायला तर हवं. वजन उतरलं की पीसीओडीवाल्या अनेक जणींची पाळी नियमित होते आणि वर्षानुवर्षं न राहिलेला गर्भ अचानक राहतो. पहिले १२ ते १८ महिने मात्र दिवस जाऊ देऊ नयेत असं सांगतात, कारण त्या काळात शरीर स्वतःच तुटवड्यात असतं. त्यात बायपासनंतर गर्भनिरोधक गोळी नीट शोषली जाईलच याची खात्री नसते, म्हणून दुसरं साधन विचारून घ्यावं लागतं.

दारू आणि ताडीचं प्रकरण वेगळंच. पालघरच्या पट्ट्यात या दोन्हींना सामाजिक प्रतिष्ठा आहे. जठर वगळलं गेलं की दारू झपाट्याने रक्तात उतरते. पूर्वी तीन पेगनी न हलणारा माणूस एकात डुलतो. अमेरिकेतल्या अभ्यासांत बायपासनंतर, विशेषतः दुसऱ्या वर्षापासून, दारूच्या व्यसनाचं प्रमाण वाढलेलं दिसलं आहे. खाण्यातून मिळणारा दिलासा हिरावला की मन दुसरा दिलासा शोधतं, असं एक कारण मानसोपचारतज्ज्ञ देतात. वजन उतरूनही उदास वाटणाऱ्यांची संख्या थोडी नाही. ‘आता तर बारीक झालीस, आता कसलं दुःख?’ हे वाक्य त्यांना फार ऐकावं लागतं. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

शरीराच्या कुरबुरी आपापल्या वेळापत्रकाने येतात. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांत केसांचे पुंजके कंगव्यात येऊ लागतात. बायकांना हे फार लागतं, पण प्रथिनं आणि लोह सांभाळलं तर बहुतेकांचे केस परततात. वजन वेगाने उतरलं की पित्ताशयात खडे धरतात. पोटाची, दंडाची कातडी लोंबते आणि वसईच्या पावसाळ्यात तिच्या घड्या ओल्या राहून चट्टे उठतात. ती कातडी काढायची तर ते निराळं ऑपरेशन, आणि विमा कंपन्या त्याकडे सहसा सौंदर्योपचार म्हणून पाहतात. सर्वांत लबाड म्हणजे बी-१२ची कमतरता. यकृतातला साठा वर्षानुवर्षं पुरतो, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटत राहतं आणि एक दिवस तळपायांना मुंग्या येतात. सतत उलट्या होत असतील तर बी-१ इतक्या लवकर संपतं की मेंदूवर परिणाम होतो. डोळ्यांसमोर दोन-दोन दिसणं, तोल जाणं ही त्याची लक्षणं, आणि तेव्हा पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं असतं.

गोळ्या जन्मभर, तपासण्या दरवर्षी, असं डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं असतं. सुरुवातीचे महिने माणूस इमानाने मुंबईला जातो. मग वजन उतरतं, कपडे नवे येतात, लोक कौतुक करतात आणि फॉलोअपसाठी सुट्टी टाकून लोकलचा प्रवास नकोसा होतो. पहिल्या वर्ष-दीड वर्षात वजन तळ गाठतं. त्यानंतर भूक हळूहळू जागी होते. घास अजूनही मोजकेच जातात, पण शेव, फरसाण, बिस्किटं, आइस्क्रीम विनातक्रार घसरतात. थोडं थोडं, दिवसभर. नेमक्या याच काळात डॉक्टर आणि रुग्ण एकमेकांना दिसेनासे झालेले असतात.

याबाबत जगाला सर्वांत जास्त शिकवलं ते स्वीडनने. तिथे १९८७मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात चार हजारांवर माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. निम्म्यांनी शस्त्रक्रिया केली होती, निम्म्यांनी नाही. बायपास केलेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्क्यांनी घटलं आणि दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे थोडं परत आलं, बरंचसं गेलं ते गेलंच. २००७मधल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रिया केलेल्यांत मृत्यूचं प्रमाण, वय आणि इतर गोष्टी जमेस धरल्यावर, २९ टक्क्यांनी कमी होतं. परतलेल्या पाच-सात किलोंवरून स्वतःला नापास ठरवणाऱ्यांनी हे आकडे पाहायला हवेत. २०२५मध्ये भारतात आलेली मौंजारो, वेगोव्ही ही इंजेक्शनं काहींसाठी शस्त्रक्रियेला पर्याय ठरतात, तर काहींना ती शस्त्रक्रियेनंतर परतलेल्या वजनासाठी दिली जातात. ती थांबवली की वजन पुन्हा चढतं, हे मात्र आधीच विचारून घ्यावं.

राहिली लोकल. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर, आणि गर्दीबद्दल सांगायला नको. वाटीभर पोटाला पाणी घटाघट पिता येत नाही. घोट-घोट, तेही जेवणाच्या अर्धा तास आधी थांबून आणि नंतर अर्ध्या तासाने सुरू करून. एप्रिल-मेच्या घामात, बाटलीचं झाकण उघडायलाही हात हलत नाही अशा डब्यात, दिवसाचं दीड-दोन लिटर पुरं करायचं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात पुन्हा रुग्णालयात भरती व्हायला लागण्याचं एक मोठं कारण म्हणजे शरीरातलं पाणी कमी होणं. जाणकार प्रवासी पहाटेपासून घड्याळ लावून घोट घेतात. गाडीत चढण्याआधी गोड खात नाहीत, कारण मीरा रोड आणि दहिसरच्या मधे डम्पिंग आलं तर बसायला जागा देणार कोण?

जागेचं म्हणाल तर पूर्वी तिघांच्या बाकावर हा प्रवासी आला की बाकीचे नाक मुरडायचे, चौथ्या सीटचा तर प्रश्नच नव्हता. आता तो चौथ्या सीटवर मावतो. पण बुडाखालची गादी वजनाबरोबरच गेलेली असते, हाडं बाकाला टोचतात आणि वसईपासून अंधेरीपर्यंत तो कुशी बदलत राहतो. थंडीही फार वाजते. भर मे महिन्यात विरारच्या एसी लोकलमध्ये कुणी शाल पांघरून बसलेलं, आणि दुसऱ्या शालीची घडी खाली घेतलेली दिसली, तर त्यामागे हेही कारण असू शकतं.